रामसे बंधूंना एका ओळीत संपवू नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिंदी भयपटांवर आलेल्या लेखात भयपट बनवणाऱ्या रामसे बंधूंची बोळवण एका ओळीत आणि तीही ‘स्वस्तातले चित्रपट’ अशा शब्दांत झाली, याचे वाईट वाटले. त्यांचे चित्रपट थोड्या पैशांत होत, हे खरे आहे. परंतु तेवढ्या पैशांत त्यांनी काय साधले, हे सांगितल्याशिवाय ते विधान अपुरेच राहते.

फाळणीनंतर कराचीहून मुंबईत येऊन रेडिओचे दुकान चालवणारे एफ. यू. रामसे चित्रपटनिर्मितीकडे वळले. १९७० सालचा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ चालला नाही. त्याचे दिग्दर्शन आपल्या विश्राम बेडेकरांचे होते. मात्र पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, त्या एका प्रसंगाला प्रेक्षक थरारून दाद देतात, हे मुलांनी चित्रपटगृहात बसून टिपले आणि वडिलांकडे भयपटाचा आग्रह धरला. त्यातून १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. त्यासाठी सारे कुटुंबच महाबळेश्वरला जाऊन राहिले होते. सात भावांपैकी कुमार लेखन पाहत, केशू निर्मिती, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू छायाचित्रण, किरण ध्वनी आणि अर्जुन संकलन.

घरच चित्रसंस्था होते म्हणजे काय, हे नाशिककराला समजावून सांगावे लागू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोके पाडण्याचे कामही करत, आणि पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या मुलीने, मंदाकिनीनेच, बाळकृष्ण रंगवला. दोघांची योग्यता सारखी आहे, असे मी म्हणत नाही. कामाची रीत मात्र एकाच जातीची आहे.

१९८४ साली रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला, तेव्हा मी अकरावीत होतो. नाशिकमधल्या एका चित्रपटगृहात रात्रीचा शेवटचा खेळ पाहून आम्ही चौघे मित्र होळकर पुलावरून पंचवटीत परतलो, तेव्हा पूल ओलांडेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यातल्या सामरी या सैतानाचे धड एकीकडे पुरलेले, मुंडके दुसरीकडे पेटीत कोंडलेले, आणि राजघराण्यातील स्त्रियांनी बाळंतपणात मरावे असा त्याचा शाप, ही कल्पना आजीच्या गोष्टीइतकी थेट अंगावर येते. सामरी झालेल्या अजय अगरवाल यांची ती प्रचंड उंची आणि आग ओकणारे डोळे पडद्यावर फार वेळ दिसत नाहीत. त्याआधी कितीतरी वेळ केवळ बिजागरीची करकर, वारा आणि निळ्या-तांबड्या प्रकाशात बुडालेला वाडा आपल्याला घाबरवत राहतो. हे गंगू आणि किरण यांचे कसब आहे. महागडी यंत्रसामग्री हाताशी नसताना ते कमावलेले आहे, म्हणून मला त्याचे अधिक मोल वाटते.

मधले विनोदी प्रवेश रेंगाळतात आणि गाणी कथेला अडवतात, हे मी तेव्हाही मित्रांशी बोललो होतो आणि आजही माझे मत तेच आहे. तरीही ‘वीराना’ किंवा ‘बंद दरवाजा’ पाहताना पुढच्या दाराआड काय असेल, ही धाकधूक त्या उणिवांना पुरून उरते.

तुलसी २०१८ मध्ये, श्याम २०१९ मध्ये आणि गंगू २०२४ मध्ये निवर्तले. रामसे बंधूंच्या छायाचित्रणावर आणि ध्वनियोजनेवर आपल्या पुरवणीने एक स्वतंत्र, सविस्तर लेख जाणकाराकडून लिहवून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तसेच पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात ‘पुराना मंदिर’ चांगल्या प्रतीवरून, मोठ्या पडद्यावर आणि पूर्ण अंधारात दाखवण्याचे एखाद्या चित्रपट मंडळाने मनावर घेतल्यास खुर्च्या मांडण्यापासून लागेल ते काम करायला मी येईन.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक