गाडी परत देण्यापूर्वी मैल्याची टाकी रिकामी करा

मा. संपादक,

मोटरहोम भाड्याने घेऊन सहकुटुंब फिरून आलेल्यांची प्रवासवर्णनं हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. गाडीतच रांधलं, गाडीतच झोपलो, खिडकी उघडली की समोर डोंगर, असं सगळं त्यांत असतं. गाडी परत देण्याच्या दिवसाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. मी सहा वर्षं अशा भाड्याच्या गाड्या धुऊन पुसून पुढच्या ग्राहकासाठी तयार करण्याचं काम केलं. लोक किल्ली ठेवून निघाले की आमचं काम सुरू व्हायचं. म्हणून हे पत्र.

गादीखालची वाळू, शेगडीवरचं करपलेलं, न्हाणीच्या जाळीत अडकलेले केस यांचा मला कधी राग आला नाही. लोक राहिले म्हणजे एवढं होणारच, आणि झाडू-फडक्याने ते निघतं. राग यायचा भरलेली मैल्याची टाकी तशीच सोडून जाणाऱ्यांचा. बऱ्याच गाड्यांत संडासाखाली साधारण 17 ते 20 लिटरची पेटी असते. तिला कॅसेट म्हणतात आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूच्या छोट्या दारातून ती ओढून काढता येते. एका उन्हाळ्यात एक गाडी परत आली, ती पेटी काठोकाठ भरलेली. बंद पेटी उन्हात तापली की आत वायू कोंडतो. माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईंनी झाकण फिरवलं आणि आतलं सगळं त्यांच्या तोंडावर, केसांवर उडालं. त्या काही बोलल्या नाहीत. नळाखाली बराच वेळ उभ्या राहिल्या, घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आल्या. ज्यांनी ती पेटी भरली होती, त्यांना हे कधीच कळलं नसेल.

टाकी रिकामी करून द्यायची, नाहीतर जादा आकार पडेल, असं करारात बहुधा लिहिलेलं असतं. ‘पैसे भरले की झालं’ असं काहीजण आम्हाला तोंडावर सांगायचे. ते पैसे मालकाच्या खात्यात जातात. हात घालायचे ते आम्हीच.

दुसरं टोक याहून वाईट. दंड नको म्हणून वाटेत कुठेतरी, रस्त्याकडेच्या गटारात किंवा झाडीत, टाकी ओतून येणारेही मी पाहिले आहेत. पावसाच्या पाण्याची गटारं पुष्कळ ठिकाणी शुद्धीकरणाशिवाय थेट ओढ्याला, नदीला मिळतात. शिवाय पेटीत वास घालवणारं जे रसायन घालतात, त्यातल्या काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइड असतं. मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. म्हणून ते घरच्या सेप्टिक टाकीतसुद्धा ओतू नये. मोटरहोम मुक्कामाला लावतात त्या तळांवर मैला टाकण्याची नेमलेली जागा असते, तिथेच टाकावा. त्यासाठी वेळ शोधायचा तो शेवटच्या सकाळी तळावरून निघण्याआधी, गाडी परत द्यायच्या घाईत नव्हे.

काम अवघड नाही. रबरी हातमोजे घालावेत. पेटीचं तोंड खाली करून ओतताना हवा जाण्याचं बटण दाबून ठेवलं की मैला उसळत नाही. मग थोडं पाणी घालून पेटी हलवावी आणि पुन्हा ओतावी, असं दोन-तीनदा. मोठ्या गाडीत टाक्या खाली बसवलेल्या असतात आणि जाड नळीने रिकाम्या करतात. तिथे आधी मैल्याची झडप उघडावी, नंतर भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची. त्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. तळावर नळी जोडून मैल्याची झडप सतत उघडी ठेवण्याची चूक मात्र करू नये. पातळ वाहून जातं, घट्ट मागे राहून वाळतं, आणि मग ते खरवडताना आमचे हाल होतात.

बाकीचं थोडक्यात. चांगल्या मनाने केलेल्या सफाईनेही गाडी बिघडते, म्हणून सांगते. पुष्कळ मोटरहोमच्या खिडक्या काचेच्या नसतात, अ‍ॅक्रिलिकच्या असतात. काच पुसायच्या फवाऱ्यातल्या अल्कोहोलने किंवा अमोनियाने त्यांवर बारीक तडे येतात, आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसली तर चरे पडतात. भरपूर पाणी आणि मऊ कापड पुरे. सावलीसाठी गाडीबाहेर पसरायचं कापडी छत ओलं गुंडाळू नये, बुरशी धरते. फ्रिज बंद केला की दार किंचित उघडं ठेवावं.

एक गृहस्थ आठवतात. दहा दिवस फिरून आले होते. किल्ली हातात धरून, मान खाली घालून त्यांनी मला हळूच विचारलं, “ती पेटी कुठून निघते हो?” गाडी ताब्यात देताना त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली होती. मी माझे जादा हातमोजे दिले आणि पाण्याची नळी धरली. पेटी त्यांनी स्वतः रिकामी केली, स्वतः धुतली. पाच मिनिटंही लागली नाहीत. टाकी भरलेली सोडणारे सगळेच बेपर्वा नसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून गाड्या भाड्याने देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. किल्ली देण्याआधी गाणी कशी लावायची, दिवे कसे लावायचे हे तुम्ही दाखवताच. त्याच वेळी रिकामी पेटी ग्राहकाच्या हाताने एकदा बाहेर काढायला लावा आणि परत बसवायला लावा. हातमोज्यांचा एक जोड त्या छोट्या दारामागेच ठेवा.

आपली विश्वासू,
एक वाचक