नालछ्याच्या गोरखचिंचेबद्दल

इंदूर, रविवार रात्र

प्रिय विन्या,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच चाललंय. धार जिल्ह्यातल्या नालछ्याच्या तुमच्या शेतातल्या गोरखचिंचेला, म्हणजे त्या बाओबाबच्या झाडाला, गिऱ्हाईक आलंय आणि तुझा चुलतभाऊ म्हणतो जमीन आपली, झाड आपलं, विकलं तर कोणाला विचारायचं. बरं, तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये रे, मध्य प्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत कलम 179 मध्ये शेतातलं झाड भूमिस्वामीचंच, म्हणजे जमीनमालकाचंच, म्हटलंय. पण त्याच संहितेत कलम 240 पण आहे, सार्वजनिक हितासाठी सरकार झाडतोडीवर बंधन आणू शकतं. त्याला म्हणावं तेही वाच.

मला खरं काय खुपतं सांगू? आमच्या दारातल्या कडुलिंबाची फांदी विजेच्या तारेवर आली होती, ती छाटायला अर्ज करावा लागला, कारण झाडं राखायचा 2001 चा कायदा. आणि तो फक्त शहरांसाठी! म्हणजे शहरातल्या काल-परवाच्या झाडाला कायदा आणि गावात पिढ्यानपिढ्या उभं असलेलं झाड मालकाच्या मर्जीवर. शेजारच्या महाराष्ट्रात 1964 चा कायदा गावातल्या आंबा, चिंच, मोह असल्या ठरावीक झाडांना तरी लागू आहे.

मांडवचं (मांडूचं) प्रकरण आठवतं ना, तिथल्या शेतकऱ्यांनी काही लाखांत अशीच गोरखचिंचेची झाडं विकली, ती मुळासकट उपटून ट्रेलरवर हैदराबादला निघाली, गावकरी आडवे आले आणि 2023 मध्ये हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन ते थांबवलं. पण तोवर काही झाडं गेलीच होती यार. गेलेलं झाड कोर्ट परत कुठून आणणार.

म्हणून आत्ताच काहीतरी करू. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत समिती असायला हवी आणि तिने गावातली झाडं, बियाणं, जनावरं सगळं लोकांना विचारून नोंदवहीत लिहायचं असतं. तुमच्या गावची वही आहे का, असली तर त्यात हे झाड आहे का, एवढं सरपंचांना विचार. नसेल तर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडायला लावू. पटवारीकडे (तलाठ्याकडे) जाऊन खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, झाडाची नोंद आहे का तेही बघून घे. नुसत्या वहीने झाड वाचत नाही हे मला माहितीये, पण उद्या कोणी क्रेन घेऊन आला तर हातात दाखवायला कागद तरी हवा.

मागच्या हिवाळ्यात मी गेलो होतो तेव्हा झाडाला एक पान नव्हतं, फक्त लांब दांड्यांना लोंबणारी मखमली फळं. तुझ्या काकूंनी एक दगडावर आपटून फोडलं, आतला पांढरा भुसभुशीत गर मी जिभेवर ठेवला आणि आंबट इतका की डोळे मिटले. काकू म्हणाल्या, उन्हाळ्यात हेच पाण्यात कालवून देतो पोरांना. मांडवच्या रस्त्यावर किती बायका हीच फळं टोपलीत घेऊन बसतात, त्यांना विचारून कोण झाड विकतं?

चुलतभावाशी भांडू नकोस, त्याला पैशाची गरज असेल, ती खरी आहे. नड किती ते नीट विचारून घे, मी पण काही देईन.

शनिवारी सकाळी सातला गंगवाल बस स्टँडवर ये, धारची बस पकडून दोघं जाऊ. आणि गिऱ्हाइकाकडून इतक्यात बयाणा घेऊ नको म्हणून चुलतभावाला आजच फोन कर.

तुझा,
सुहास