वही माझ्याकडे सरकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितोय, पण तुमचं नाव घालत नाही. घातलं तर तुम्ही रागवाल, आणि तुमचा राग मला परवडायचा नाही.

पंथातून बाहेर पडलेल्या माणसाची चौकशी करणारे कमी नसतात. नातेवाईक येतात ते ‘आम्ही तेव्हाच सांगत होतो’ हे एकदा ऐकवून जायला. एक पत्रकार आला होता. आत मारहाण होती का, बायकांचं काही प्रकरण होतं का, असं विचारत राहिला. मी पाहिलं तेवढं सांगितलं, त्यात त्याच्या कामाचं काही निघालं नाही, तेव्हा त्याने पेनाला टोपण लावलं आणि चहा न पिताच उठला. एका समुपदेशकाकडेही गेलो. पंथातल्या दिवसांबद्दल काही बरं बोलायला लागलो की ते म्हणायचे, ‘हे तुम्ही नाही बोलत, त्यांचा प्रभाव बोलतोय.’ मला हसूच यायचं. आत असताना शंका काढली की गटप्रमुख म्हणायचे, ‘हा तू नाही बोलत, तुझा अहंकार बोलतोय.’ म्हणजे मी स्वतः नेमका कधी बोलणार होतो?

तुम्ही अशा पंथांच्या अभ्यासासाठी आला होतात, माझ्यावर उपकार करायला नव्हे. तुमचे प्रश्न काय होते ते आता नीटसं आठवतही नाही. आठवते ती तुमची वही.

आमच्याकडेही वही असायची. मनात आलेला प्रत्येक वाईट विचार, प्रत्येक शंका त्यात लिहायची आणि वही वर द्यायची. खोडाखोड चालत नसे. एखादा शब्द खोडलेला दिसला की भर सभेत विचारणा व्हायची, ‘इथे काय लपवलंस?’ उजेडाकडे पान धरून खालचं अक्षर वाचायचा प्रयत्न करताना मी त्यांना पाहिलंय. रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ साली माणसाच्या मनावर ताबा मिळवणाऱ्या व्यवस्थांची आठ लक्षणं मांडली, त्यांत ही सक्तीची कबुलीही आहे. हे फार नंतर वाचलं, तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या सभेत मागे बसून गेला की काय!

तर तुमच्याशी बोलता बोलता अजून आत असलेल्या एका मैत्रिणीचं नाव माझ्या तोंडून गेलं आणि मी गप्प झालो. तुम्ही काही विचारलं नाहीत. वही फिरवून माझ्यापुढे सरकवलीत, पेन वर ठेवलंत आणि म्हणालात, ‘नको असेल ते खोडा.’ मग पर्समध्ये चष्मा शोधायला लागलात. चष्मा तुमच्या डोक्यावर होता. मी ते नाव इतकं गिरवून खोडलं की खालचं पान फाटलं. तुम्ही वही घेतलीत, फाटलेल्या पानाकडे पाहिलंही नाहीत आणि पुढे विचारलंत, ‘पहाटेच्या प्रार्थनेबद्दल सांगत होतात ना?’

ताई, मी त्यानंतर जे बोललो ते आधी कुणाशीच बोललो नव्हतो. घरून आलेली पत्रं आधी फोडून वाचली जायची, हे सांगितलं. मी तापाने फणफणलो तेव्हा तीच माणसं रात्रभर उशाशी बसली होती, हेही सांगितलं. तुम्ही दोन्ही एकाच पानावर उतरवून घेतलंत. कुठलं खरं, असं विचारलं नाहीत.

तुम्ही दिलेले कागद मी वाचून काढले. स्टुअर्ट राइट या समाजशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा गटांतून आपणहून बाहेर पडलेल्या ४५ जणांशी बोलून पाहिलं. फसवलं गेलो, ब्रेनवॉश झालो असं म्हणणारे दहात एकही भरत नव्हते. सुमारे दोन-तृतीयांश लोक म्हणाले, त्या अनुभवाने शहाणे झालो. आयलीन बार्कर यांनी १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या मून-पंथीयांवर, म्हणजे कोरियातल्या सन म्युंग मून यांच्या अनुयायांवर लिहिलं, तेव्हा दिसलं की शिबिरांना आलेल्या हजारावर लोकांपैकी जवळजवळ नव्वद टक्के सामीलच झाले नाहीत, आणि जे झाले त्यांतले बहुतेक दोनेक वर्षांत निघून गेले. माझ्या मोठ्या काकांना हे वाचून दाखवायची फार इच्छा आहे. त्यांच्या मते मी जगातला एकमेव मूर्ख.

पण तुमच्या क्षेत्रातल्या काही विद्वानांवर माझा रागही आहे, तो सांगूनच टाकतो. बाहेर पडलेला माणूस कडवटपणानेच बोलणार, त्याचा शब्द जपून घ्या, असं त्यांच्यातले काही म्हणतात. डेबोरा लेटन जोन्सटाउनमधून, म्हणजे जिम जोन्स या अमेरिकन पंथप्रमुखाने गयानात वसवलेल्या वस्तीतून निसटली आणि जून १९७८ मध्ये तिने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की तिथे सामूहिक आत्महत्येच्या तालमी चालतात. नोव्हेंबरात नऊशेहून जास्त माणसं मेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. तिचाही शब्द जपूनच घेतला होता म्हणायचं!

तुम्ही माझा शब्द ना उचलून नाचवलात, ना चिमट्यात धरून तपासलात. असं वागायला पदवी लागत नाही. समोरच्याला अवघड झालं की चष्मा शोधायचं सुचावं लागतं, आणि ते भल्याभल्यांना सुचत नाही.

एक उत्तर द्यायचं राहिलंय. जाताना तुम्ही विचारलं होतंत, ‘पुन्हा जाल का?’ तेव्हा मी विषय बदलला. पंथात नाही जाणार. त्या माणसांपैकी तीन-चार जणांनी मात्र हाक मारली, तर रात्री-अपरात्रीही जाईन. तुमच्या कामाला येत असेल तर हे घालून टाका, माझी हरकत नाही.

आपला,
एक माजी साधक