वसंताच्या सुरुवातीला थंड प्रदेशातील समुद्रकाठच्या शहरात जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

ऊन पाहून कपडे ठरवू नका. या दिवसांत जमीन लवकर तापते, समुद्र मात्र अजून हिवाळ्याइतकाच थंड असतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की किनाऱ्यावर एकदम गारठा जाणवतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर आणि वर वारा अडवणारे जाकीट घ्या.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्याच बंदराचे पाहा, शेजारच्या नव्हे. वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कालच्या वेळेवर विसंबू नका. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र सारखी असते तो दिवस) आसपास येणाऱ्या अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस मोठे उधाण असते. खडकांवर जायचेच असेल तर ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी जा, पाणी वळताच परत फिरा. माणसे बहुधा समोरच्या लाटेमुळे अडकत नाहीत. पाठीमागच्या सखल वाळूत पाणी आधी भरते आणि परतीची वाट बंद होते.

पाण्यात उडी अजिबात नको. १५ अंशांखालच्या पाण्यात श्वास आपोआप जोरात ओढला जातो, नाकातोंडात पाणी जाते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे टळत नाही.

उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की दाट धुके पडते, बोटी थांबतात. म्हणून बोटीची फेरी परतीच्या दिवशी ठेवू नका.