वावरातल्या दगडांसाठी एक पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात मी जेसीबीवाल्याला इसार दिला होता. वावराच्या मधोमध काळ्या दगडांचं जे कडं आहे, ते उपटायचं, दगड धुऱ्यावर लोटायचे आणि तेवढ्या जागेत पराटीची, म्हणजे कपाशीची, चार तासं जास्त घ्यायची, असं ठरलं होतं. त्या दगडांपायी दोनदा वखराची पास तुटली. माझ्या वडिलांनी त्यातलाच एक दगड बैलगाडीत घालून घरी आणला, तो आजही आमच्या दाराची पायरी आहे. हे तुम्हाला पहिल्या भेटीत सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितो.

पोराच्या शाळेची सहल नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, आली, तेव्हा मी पालक म्हणून सोबत होतो. पोरानं न सांगता पिशवीभर खापरं आणली होती. ती त्यानं तिथं माहिती सांगणाऱ्या तुमच्यापुढं ओतली. दुसरं कोणी असतं तर शाबासकी देऊन पुढं गेलं असतं. तुम्ही खाली बसलात आणि विचारलंत, “कुठं सापडली?” तो म्हणाला, वावरात. “वावरात कुठं? दगडांच्या आत की बाहेर? मातीवर पडली होती, की नांगरटीत वर आली?” त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तुम्ही रागावला नाहीत. फक्त एवढंच म्हणालात की जागा ठाऊक नसली की खापराची निम्मी गोष्ट हरवते, म्हणून यापुढं उचलायचं नाही, आधी चित्र काढायचं. मग एक कोरा कागद त्याच्या हातात दिलात.

त्याच संध्याकाळी तो मला वावरात घेऊन गेला. आम्ही दोघांनी दगड मोजले: २७. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी १८ पावलं. जन्मापासून त्या वावरात राबतो आहे, पण ते कडं गोल आहे हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इसार सोडून दिला.

नंतर तुम्ही आमच्या गावात आलात. सकाळी गाव तुम्हाला मॅडम म्हणत होतं, दुपारच्या जेवणापर्यंत ताई म्हणू लागलं. शाळेच्या वऱ्हांड्यात तुम्ही पोरांना सांगितलंत की नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत, आणि ही माणसं पुरल्याची ठिकाणं आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. माहुरझरीला खोदकामात घोडा पुरलेला निघाला, त्याच्या डोक्यावर तांब्याचा साज होता. त्याचं चित्र पाहिल्याबरोबर एक पोरगी ओरडली, “हा तर पोळ्याचा बैल!” बाशिंग बांधलेला, झूल घातलेला बैल जिनं दरवर्षी पाहिला, तिला तो घोडा परका वाटला नाही. तुम्ही तिचं वाक्य तसंच वहीत लिहून घेतलंत, तिला दुरुस्त केलं नाहीत. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, हेही तुम्ही सांगितलंत, आणि स्कॉटलंडहून नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दलही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडाले. अजब बंगलाही त्याच साली उभा राहिला. आमच्यासारख्याच गावांच्या दगडांसाठी एक माणूस इतक्या लांबून येऊन जिवाला मुकला, हे ऐकून वऱ्हांडा चूप झाला होता.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो कुंभारबाबांचा प्रसंग. तुम्ही जुन्या मडक्याचे तुकडे फिरवत होता, बाहेरून तांबडे आणि आतून काळे. असं का होतं ते तुम्हाला सांगता आलं असतंच. तरी तुम्ही थांबलात आणि मागच्या भिंतीशी उकिडव्या बसलेल्या बाबांच्या हातात तुकडा दिलात. त्यांनी तो उलटसुलट केला, नखानं काठ घासला आणि म्हणाले, “हे उपडं घालून भाजलेलं हाये. आत हवा गेली नाही म्हनून कायं राह्यलं.” तुम्ही म्हणालात, अभ्यासकही हेच सांगतात. त्यांच्या चाकाला कोणी विचारत नाही अशा दिवसांत, गावच्या पोरांसमोर, तुम्ही त्यांना मास्तर केलंत. दुसऱ्या दिवसापासून चार पोरं त्यांच्या ओट्यावर बसायला लागली, अजून बसतात.

गावाच्या मनात एक भीती होती, तीही तुम्ही ओळखलीत. दगडांचा बोभाटा झाला तर सरकार वावर घेईल, म्हणून आजवर कोणी तोंड उघडलं नव्हतं. तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत. हे माझ्या हातात नाही, असं स्पष्ट बोललात, आणि पुरातत्त्व विभागाला नेमकं काय विचारायचं, तो अर्ज आमच्यासोबत बसून आमच्याच शब्दांत लिहिलात. उत्तर यायचं आहे. पण विचारून बसलेल्या माणसाला झोप लागते.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, आम्ही शाळेत वस्तू मांडल्या. पोरांचे लाकडी नंदी पुढं, आणि मागं घरोघरच्या जुन्या चिजा: पायली, कुडव, जातं, तिफण, मोटेची चामडी सोंड. प्रत्येक वस्तूखाली वापरणाऱ्याचं नाव लिहायचं, हे तुम्हीच सुचवलं होतं. माझ्या आईनं तिचा सरता आणला. तिफणीच्या मागं चालत, बांबूच्या त्या नळीतून तुरीचा एकेक दाणा सोडत तिनं सारी उमर काढली. कागदावर पोरानं लिहिलं: सरता, आणि खाली आजीचं पूर्ण नाव. आईला वाचता येत नाही. तिनं त्याच्याकडून तो कागद तीनदा वाचून घेतला आणि घरी जाताना मागून घेतला. तो देवघरात ठेवला आहे.

ताई, पायरीच्या दगडाचं काय करायचं, हे मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याची मूळ जागा कोणती ते आधी आईला विचारून चित्रात टिपून ठेवा, हलवायची घाई करू नका. टिपलं आहे. उगवतीकडं दोन दगडांमध्ये जी रिकामी जागा दिसते, तिथला तो.

पराटी उभी असली की कडं झाकलं जातं. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाल्यावर या. तेव्हा धुऱ्यावरूनही सगळे दगड दिसतात, आणि आईनं तुमच्यासाठी तुरीच्या सोल्यांची आमटी करायचं कबूल केलं आहे.

तुमचा,
वावरवाला दादा