मंत्रीमहोदय, माझी वीट तेवढी परत पाठवा

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या शाळेसमोर ट्रकमधून पत्रे उतरले. दोन नव्या वर्गखोल्यांसाठी. दीड वर्षापूर्वी याच पटांगणात माईक हातात घेऊन ‘सरांचा मातीच्या विटांचा प्रयोग आपण नक्की करू’ असं आपण म्हणाला होतात. टाळ्या पडल्या होत्या. आपल्याला आठवत नसेल, टाळ्या रोजच्याच.

पुन्हा सांगतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत गांदो नावाचं खेडं आहे. तिथल्या मुखियाचा मुलगा फ्रान्सिस केरे सुतारकीच्या शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेला, आर्किटेक्चर शिकू लागला आणि पदवी हाती यायच्या आत, 2001 मध्ये, गावाला शाळा बांधून दिली. गावाने आधी नाकं मुरडली. मातीची शाळा? पहिल्या पावसात बसेल! त्याने मातीत थोडं सिमेंट घालून विटा दाबून काढल्या, वर्गावर विटांचंच छत रचलं, त्यात फटी ठेवल्या आणि पत्रा त्याच्याही वर, सळ्यांच्या कैच्यांवर उचलून धरला. गरम हवा फटींतून वर जाते, पत्र्याखालचा वारा ती घेऊन जातो. पोरांनी पायाचे दगड वाहिले, बायांनी घरची चोपतात तशी जमीन चोपली. 2004 ला त्या शाळेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार, 2022 ला केरेला वास्तुकलेतला सर्वात मानाचा प्रित्झकर. तिथेही पत्राच आहे, साहेब. फक्त तो पोरांच्या टाळूवर नाही.

आमच्या वर्गात एप्रिलमध्ये माझ्या तापमापकाने 43 दाखवलं. दुसरीतली एक मुलगी पाटीवर डोकं टेकून बसली ती उठेचना. माझी नात.

माझ्या फाइलवर शेरा काय? ‘कच्चे बांधकाम, भूकंपाचा धोका.’ किल्लारी मला कुणी शिकवू नये. 30 सप्टेंबर 1993 नंतर आठवडाभर या हातांनी ढिगारे उपसलेत. माणसं मेली ती दगडांच्या सैल भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. माझ्या आराखड्यात भिंतींवर काँक्रीटचा पट्टा होता आणि विटांच्या छताऐवजी बांबूचा तट्ट्या. पण त्यासाठी आराखडा उघडावा लागतो.

खोल्यांचं इस्टिमेट सतरा-अठरा लाख आहे म्हणतात. आकडा मागेपुढे असेल, वाटेकरी मात्र पक्के आहेत. गावची माती सरकारी दरसूचीत बसत नाही, कारण तिच्यातून टक्केवारी निघत नाही. आफ्रिकेतल्याच माली देशात जेन्नेची मातीची मशीद 1907 पासून उभी आहे, कारण अख्खं गाव जमून तिला मातीचा गिलावा करतं. आमच्याकडे खर्चात दुरुस्तीचं हेड नसतं, उद्घाटनाचं असतं. झिम्बाब्वेतल्या हरारेत आर्किटेक्ट मिक पिअर्सने वाळवीच्या वारुळावरून धडा घेऊन 1996 मध्ये ईस्टगेट ही मोठी इमारत नेहमीच्या एसीशिवाय उभी केली. आपल्या केबिनमध्ये मी स्वेटर घालून बसलो होतो, मे महिन्यात.

त्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून, रात्रभर एसटीने, पिशवीत विटेचा नमुना घेऊन आलो होतो. पंधरा दिवस बादलीत बुडवून ठेवलेली वीट, कोपरासुद्धा झिजला नव्हता. गेटवर तीनदा तपासली. ‘ठेवून जा, साहेब बघतील,’ असं आपले स्वीय सहायक म्हणाले.

मागच्या महिन्यात पुन्हा आलो, तर आपल्या केबिनचं दार एसीच्या झोताने आपटू नये म्हणून तीच वीट खाली लावलेली. एवढी मजबूत आहे हे तरी मान्य झालं म्हणायचं. खोल्या आता पत्र्याच्याच होणार, ते मला कळलंय. वीट तेवढी परत पाठवा. टपालखर्च मी देतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक