मानसशास्त्राचा अभ्यास आणि स्मरणाची तंत्रे

संपादक महोदय,

बारावीची परीक्षा जवळ आली की स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्या कार्यशाळांच्या जाहिराती झळकू लागतात आणि कला शाखेतील मुलांचे पालकही, विशेषतः मानसशास्त्रासारख्या संज्ञांनी भरलेल्या विषयासाठी, त्यांची चौकशी करू लागतात. हा विषय कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, तेथे शिकवल्या जाणाऱ्या युक्त्या खोट्या नसल्या तरी त्यांचा उपयोग मर्यादित आहे, आणि ज्या तंत्राचा उपयोग सर्वाधिक आहे ते कष्टाचे असल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करत नाही.

'तानापिहिनिपाजा' म्हणत इंद्रधनुष्याचे रंग आपण सर्वांनीच पाठ केले आहेत. क्रमाने येणाऱ्या छोट्या यादीसाठी आद्याक्षरांची ही युक्ती उत्तमच आहे, आणि मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांनी सांगितलेल्या माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या ज्याला अशा रीतीने बसवायच्या असतील त्याने त्या खुशाल बसवाव्यात. मात्र शब्द गाईडमधून न उचलता स्वतः जुळवावा, कारण स्वतः तयार केलेले अधिक टिकते. अडचण अशी की, त्यातून केवळ नावे हाती लागतात. 'उदाहरणासह स्पष्ट करा' असा प्रश्न आला की आद्याक्षरे संपतात आणि पान कोरे राहते.

त्या मानाने ग्रीक आणि रोमन वक्त्यांची, आठवायच्या गोष्टींची ओळखीच्या जागांशी सांगड घालण्याची पद्धत अधिक कामाची आहे, कारण तिच्यात आशयही भरता येतो. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सांगितलेल्या बोधात्मक विकासाच्या, म्हणजे मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीच्या, चार अवस्था आपल्याच घरात मांडून पाहाव्यात. उंबरठ्याशी हाताला लागेल ते तोंडात घालणारे तान्हे मूल, बैठकीच्या खोलीत केरसुणीचा घोडा करणारी चार वर्षांची मुलगी, स्वयंपाकघरात उंच पेल्यातले पाणी पसरट वाटीत ओतले तरी तेवढेच राहते हे उमगलेला आठ वर्षांचा मुलगा, आणि गच्चीवर 'समजा, जगात पैसाच नसता तर' असा वाद घालणारी पंधरा वर्षांची ताई. असे घर मनात फिरून आलेल्या मुलाला क्रमही आठवतो आणि प्रत्येक अवस्थेचे लक्षणही.

तरीही या विषयात बहुतेक गुण जातात ते विसरल्यामुळे नव्हे, तर दोन संकल्पनांची गल्लत झाल्यामुळे. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सीटबेल्ट लावताच गाडीतला कर्कश आवाज थांबतो आणि त्यामुळे आपण पुढच्या वेळी पट्टा आधीच लावतो, हे ऋण प्रबलन. उशिरा घरी आल्याबद्दल मोबाइल काढून घेतला आणि उशिरा येणे कमी झाले, ही शिक्षा. पहिल्याने वर्तन वाढते, दुसऱ्याने घटते. हा भेद कोणत्याही लघुरूपाने कळत नाही. स्वतःच्या आयुष्यातली उदाहरणे शोधून ती वर्गात तपासून घ्यावी लागतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विस्मरणाचा जो आलेख 1885 मध्ये मांडला, तो मुले वहीत सुबक काढतात. शिकल्यानंतर लगेचच्या काळात विस्मरण सर्वांत वेगाने होते आणि पुढे मंदावते, हेही लिहितात, आणि अभ्यास मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री एका बैठकीत उरकतात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 मधील प्रयोग तर प्रत्येक पालकाला सांगावा असा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून, मिटून, आठवेल तेवढे तीनदा लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्याने त्यांना सुमारे 40 टक्के आणि लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के मजकूर आठवला. गंमत म्हणजे, आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. रंगीत पेनांनी अधोरेखित केलेले पुस्तक पाहून मुलांना (आणि आई-वडिलांना) जे समाधान वाटते, ते याच जातीचे.

म्हणून प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, रफ वहीत आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या शाईने भरावे; हेच दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने करावे. पहिल्या वेळी पान अर्धेही भरत नाही आणि मुले निराश होतात. शिक्षकांनी येथेच धीर द्यायला हवा, कारण आठवण्यासाठी पडणारा ताण हाच खरा अभ्यास असतो. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे मागच्या आठवड्यातील दोन प्रश्नांना दिली, तर अभ्यासक्रम मागे पडत नाही.

आपल्याकडे एक विनंती आहे. परीक्षेच्या काळात वृत्तपत्रांच्या अभ्यासविषयक पानांवर प्रश्न आणि त्यांची आदर्श उत्तरे एकाखाली एक छापली जातात, त्यामुळे डोळा आपोआप उत्तराकडे जातो. आपल्या पानावर सोमवारी केवळ प्रश्न आणि गुरुवारी त्यांची उत्तरे द्यावीत.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, सातारा